परदेशात बदललेली लिंगनोंद घरी का चालत नाही?

मागच्या महिन्यात सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक अक्का माझ्याकडे आल्या. मी तेलुगू आणि कन्नड कागदपत्रांचं मराठी-इंग्रजीत भाषांतर करून देते, त्यामुळे लोक फाइल घेऊन येतात हे रोजचंच. अक्कांनी साडीच्या पिशवीतून तीन कागद काढून टेबलावर ओळीने मांडले. पहिला महापालिकेचा जन्मदाखला, प्रेमाने लॅमिनेट करून ठेवलेला. त्यावर 'लिंग: पुरुष'. दुसरा बँकेतल्या ठेवीच्या नॉमिनी फॉर्मची झेरॉक्स. 'नाते: मुलगा'. तिसरं आयर्लंड सरकारचं प्रमाणपत्र, त्यावर वेगळंच नाव आणि लिंगाच्या जागी 'स्त्री'.

"पोरगी डब्लिनला नोकरीला हाय ताई. आधी पोरगा म्हणून वाढवलं आम्ही. आता तिकडच्या सरकारनं लिहून दिलंय. बँकेत नाव बदलाय गेले तर म्हणायलेत, तुम्हाला लेकरं किती? मी म्हणलं एकच. मग म्हणले, ही कोण?"

काउंटरवरचा माणूस काही वाईट वागला नव्हता. त्याच्यापुढे दोन कागद होते आणि त्या कागदांवर दोन वेगळी माणसं होती. "ही कोण?" हाच प्रश्न गेली काही वर्षं युरोपच्या न्यायालयात, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात आणि जगभरच्या पासपोर्ट खिडक्यांवर विचारला जातोय. एका देशाने कायद्याने बदललेली लिंगाची नोंद दुसऱ्या देशाने मानायची की नाही, एवढाच मुद्दा. ऐकायला छोटा वाटतो, पण त्यात शिरलं की बरंच काही निघतं. अक्कांना त्या दिवशी जे समजावलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

लिंगनोंद म्हणजे काय

बाळ जन्मलं की डॉक्टर किंवा सुईण बघून सांगतात, दवाखाना महापालिकेला कळवतो आणि नोंदवहीत एक शब्द पडतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा १९६९ चा. वहीतल्या त्या एका शब्दाला मी या लेखात 'लिंगनोंद' म्हणते. तिथून तो शब्द शाळेच्या रजिस्टरात जातो, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येतो, मग आधार, पॅन, पासपोर्ट असा पुढे पुढे उतरत जातो. जन्मावेळची नोंद आणि स्वतःची जाणीव ज्यांची जुळत नाही, त्यांना पारलिंगी किंवा ट्रान्सजेंडर म्हणतात.

एका शब्दाचं एवढं काय, असं सोलापुरात तरी कुणी म्हणू नये. पूर्व भागातली तेलुगू आडनावं मराठी शाळांमध्ये कशी लिहिली गेली ते आठवा. थोरल्याच्या दाखल्यावर आडनाव 'ल'वर संपतं, धाकट्याच्या दाखल्यावर 'लु'वर, आणि आधारवर इंग्रजीतून मराठीत येताना तिसरंच काहीतरी होतं. वडील गेल्यावर घर नावावर करायची वेळ आली की दोन सख्ख्या भावांना आपण भाऊ आहोत याचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. अशी प्रतिज्ञापत्रं मी किती टाइप केली असतील, हिशेब नाही. आडनाव चुकलं तर निदान लोक 'कारकुनाची चूक' म्हणून सोडून देतात. लिंगनोंद जुळली नाही की समोरचा माणूसच खोटा आहे असं धरून पुढचं बोलणं सुरू होतं.

आणि पारलिंगी लोक काही काल-परवा उगवलेले नाहीत. यल्लम्मा देवीला वाहिलेले, बाईच्या वेशात राहणारे जोगते आपल्या आणि सीमेपलीकडच्या कन्नड गावांमध्ये पिढ्यान्पिढ्या आहेत. लोकांना ते ठाऊक होते, सरकारी रकान्याला ठाऊक नव्हते. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात स्त्री-पुरुषांखेरीज 'इतर' म्हणून मोजले गेलेले ४ लाख ८७ हजार ८०३ लोक होते, त्यातले ४० हजार ८९१ महाराष्ट्रात.

आपल्याकडे ही नोंद कशी बदलत आली

१५ एप्रिल २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने 'नालसा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात तृतीयपंथी व्यक्तींना कायदेशीर ओळख दिली. आपलं लिंग कोणतं हे सांगण्याचा हक्क त्या व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. पुढे २०१९ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आला, जानेवारी २०२० पासून लागू झाला, आणि त्याच वर्षी त्याचे नियम निघाले. त्या नियमांनुसार अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, तोही ऑनलाइन पोर्टलवरून. मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर 'ट्रान्सजेंडर' असा उल्लेख. 'स्त्री' किंवा 'पुरुष' अशी नोंद हवी असेल तर वैद्यकीय उपचारानंतर सुधारित प्रमाणपत्राचा वेगळा अर्ज. या कायद्याच्या व्याख्यांवर वाद चालू राहिले आहेत, म्हणून अर्ज करणाऱ्याने त्या दिवशी लागू असलेला मजकूर पोर्टलवर वाचूनच पुढे जावं.

या नियमांतली एक अट अक्कांच्या लेकीला थेट आडवी येते. अर्जदार त्या जिल्ह्यात सलग १२ महिने राहत असला पाहिजे. डब्लिनला नोकरी करणाऱ्या मुलीने हे कसं करायचं? ज्याला सीमा ओलांडावी लागली त्याचा विचार हे नियम लिहिताना झालेला दिसत नाही.

गाडी, डिग्री आणि लग्न

आता सीमेकडे येऊ. एमएच-१३ नंबरची गाडी घेऊन तुम्ही विजयपूरला गेलात तर झळकीच्या पुढे कुणी थांबवून 'केए-२८ चा नंबर लावा' म्हणत नाही. कारण महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांच्याही डोक्यावर मोटार वाहनांचा एकच केंद्रीय कायदा आहे. देशांच्या डोक्यावर असा कुठलाच कायदा नाही. प्रत्येक देश परका कागद आपल्या नजरेने तपासतो.

ही तपासणी दोन प्रकारची असते. पहिली डिग्रीसारखी. सोलापुरात एमबीबीएस झालेली मुलगी परदेशात गेली की तिला तिथली परीक्षा पुन्हा द्यावी लागते. तिथल्या रोग्यांचा जीव तिच्या हाती जाणार असतो, त्यामुळे त्या देशाला खात्री करून घ्यायचा हक्क आहे. दुसरी लग्नासारखी. अक्कलकोट रोडच्या मंगल कार्यालयात लग्न लागलेलं जोडपं दुबईला उतरलं, तर विमानतळावर कुणी पुन्हा अक्षता टाकायला सांगत नाही. तुम्ही नवरा-बायको आहात, बस्स. लग्न, वय, नाव, कोण कुणाचं मूल, यांना कायदा व्यक्तीचा 'दर्जा' म्हणतो, आणि जुना संकेत असा की दर्जा माणसाबरोबर प्रवास करतो. तो प्रत्येक नाक्यावर उतरवून ठेवावा लागला तर सून तिकडे परकी होईल आणि लेकरू अनाथ.

या विषयातला सगळा झगडा एका वाक्यात सांगायचा तर असा: लिंगनोंद डिग्रीच्या खणात ठेवायची की लग्नाच्या? डिग्रीच्या खणात ठेवणारे देश म्हणतात, आमची परीक्षा पुन्हा द्या. लग्नाच्या खणात ठेवणारे म्हणतात, झालीय ना नोंद कायद्याने, मग झाली. माझं मत मी लपवत नाही: ती लग्नाच्या खणातली गोष्ट आहे. नोंदवहीचं काम माणूस ओळखणं हे आहे, आणि एका माणसाची दोन माणसं करणारी वही ते काम बिघडवते.

देशोदेशीच्या अटीही एकसारख्या नाहीत. अर्जेंटिनात २०१२ पासून आणि आयर्लंडमध्ये २०१५ पासून सज्ञान माणसाची स्वतःची लेखी घोषणा पुरते. जर्मनीचा तसा कायदा १ नोव्हेंबर २०२४ ला लागू झाला. ब्रिटनमध्ये २००४ च्या कायद्याने डॉक्टरांचा अहवाल, दोन वर्षं त्या लिंगात जगल्याचा पुरावा आणि त्यावर एका मंडळाची तपासणी लागते. जपानमध्ये प्रजननक्षमता संपवण्याची अट होती, ती तिथल्या सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवली. हंगेरीने २०२० मध्ये ही वाटच बंद केली. अक्का हे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे तीच पोरगी, गाव बदललं की बदलती?" कागदावर, हो.

शिक्का मारून आणला तर?

हा प्रश्न हमखास येतो, म्हणून इथेच सांगते. अपोस्टिल नावाचा एक शिक्का असतो. १९६१ च्या हेग करारातून तो आला, भारत त्यात २००५ पासून आहे. लोकांना वाटतं अपोस्टिल झालं म्हणजे कागद सगळीकडे चालतो. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की खालची सही आणि मोहर खऱ्या अधिकाऱ्याची आहे. आत लिहिलेली गोष्ट दुसऱ्या देशाने मानावी, असं तो शिक्का सांगत नाही. पाकिटावर पोस्टाचा ठप्पा असला म्हणून आतल्या पत्रावर आपण सही केली असं होत नाही, तसंच.

लिंगनोंदीपुरता वेगळा करारही झालेला आहे. नागरी नोंदींवर काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने २००० साली व्हिएन्नात तो तयार केला. सही करणारे देश मात्र मोजकेच निघाले.

रुमानियाची नोंदवही

युरोपात या प्रश्नाला तोंड फुटलं ते एका माणसाच्या जन्मदाखल्यावरून. खटल्याला 'मिरिन' म्हणतात. हे न्यायालयानेच दिलेलं टोपणनाव आहे, आणि त्या माणसाचं खरं नाव आपल्याला नकोच आहे.

जन्म रुमानियातल्या क्लुजचा, नोंद 'स्त्री'. २००८ मध्ये आई-वडिलांबरोबर ब्रिटनला गेला, २०१६ मध्ये तिथलं नागरिकत्व मिळालं, रुमानियाचंही राहिलं. २०१७ मध्ये ब्रिटनच्या पद्धतीने नाव बदललं आणि जून २०२० मध्ये 'पुरुष' म्हणून मान्यता देणारं सरकारी प्रमाणपत्र हातात आलं. ते कसं मिळतं हे वर सांगितलंच: डॉक्टर, दोन वर्षं, मंडळ. २०२१ मध्ये त्याने क्लुजच्या कार्यालयाला लिहिलं की माझा जन्मदाखला दुरुस्त करा. नाव, लिंग आणि ओळख क्रमांक तिन्ही बदला.

क्रमांक का, हे बघण्यासारखं आहे. आपल्या आधारच्या आकड्यावरून माणूस बाई की बुवा हे कळत नाही. रुमानियाच्या ओळख क्रमांकाचा पहिलाच अंक ते सांगतो. म्हणजे नाव बदललं, फोटो बदलला, तरी बँकेच्या यंत्रात क्रमांक टाकला की तो पहिला अंक त्याला पुन्हा मुलगी करत होता. आपल्याला फोनवर शेवटचे चार आकडे विचारतात. त्याला पहिलाच आकडा सांगताना काय वाटत असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

क्लुजचं उत्तर आलं: बदल करता येणार नाही, रुमानियाच्या कोर्टात नव्याने खटला चालवा. म्हणजे डिग्रीचा खण. त्यातही रुमानियाची ती प्रक्रिया धड स्पष्ट नाही, असा ठपका युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्येच ठेवला होता. एका देशात पुरुष ठरलेला माणूस दुसऱ्या देशात पुन्हा परीक्षेला बसणार, आणि निकाल उलटा लागला तर?

४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या लक्झेंबर्ग इथल्या न्यायालयाने निकाल दिला. संघाच्या नागरिकाला सदस्य देशांमध्ये फिरायचा, राहायचा हक्क आहे. दुसऱ्या सदस्य देशात कायद्याने मिळवलेलं नाव आणि लिंग त्याच्या मायदेशाने नाकारलं, तर रोजच्या प्रवासात, नोकरीत, कुठल्याही खिडकीवर त्याला आपण तेच आहोत हे सिद्ध करत बसावं लागेल. तो हक्कातला अडथळा आहे, म्हणून नकार बेकायदा. मधल्या काळात ब्रिटन संघाबाहेर पडला होता. त्याने फरक पडत नाही असं न्यायालयाने स्पष्ट केलं, कारण नोंद बदलली तेव्हा संघाचे नियम तिथे लागू होते.

निकालाची मर्यादाही समजून घ्यायला हवी. रुमानियाने आपल्या देशात लिंगबदलाची पद्धत कशी ठेवावी, हे न्यायालयाने सांगितलेलं नाही. दुसरीकडे झालेलं काम पुसू नका, इतकंच सांगितलं. आणि हे युरोपीय संघापुरतं आहे. भारत त्या घरात नाही, म्हणून अक्कांच्या कागदाला हा निकाल थेट लागत नाही. मग मी तो इतका का सांगितला? त्यातला युक्तिवाद कुठल्याही वकिलाला कुठल्याही न्यायालयापुढे ठेवता येतो, म्हणून.

एका मुलाच्या आडनावापासून

हा युक्तिवाद आभाळातून पडला नाही. जर्मन आई-बापाचा एक मुलगा डेन्मार्कमध्ये जन्मला. तिथल्या पद्धतीने आई-बापाची दोन्ही आडनावं जोडून त्याची नोंद झाली. जर्मनीच्या कायद्यात मुलाला जोडआडनाव बसत नव्हतं, म्हणून जर्मनीने ते नाकारलं. पोराचा डॅनिश जन्मदाखला एका नावाचा, जर्मन पासपोर्ट दुसऱ्या नावाचा निघणार अशी पाळी आली. २००८ मध्ये याच न्यायालयाने सांगितलं, डेन्मार्कमधलं आडनाव जर्मनीला मानावं लागेल. पूर्व भागातल्या कुणालाही विचारा, हा खटला त्याला पहिल्या वाक्यात समजेल.

आडनावाच्या पाठोपाठ २०१८ मध्ये परदेशात कायद्याने लग्न केलेल्या समलिंगी जोडीदाराच्या राहण्याच्या हक्काचा निकाल आला, २०२१ मध्ये दोन आया असलेल्या बाळाच्या कागदपत्रांचा, आणि मग लिंगनोंदीचा. मार्च २०२५ मध्ये हंगेरीत आश्रय मिळालेल्या एका इराणी व्यक्तीच्या प्रकरणात न्यायालय आणखी एक दार उघडून गेलं: सरकारी नोंद ही माहिती आहे, आणि चुकीची माहिती दुरुस्त करून घ्यायचा हक्क माहिती-संरक्षण कायदाच देतो. त्यासाठी शस्त्रक्रियेचा पुरावा मागता येणार नाही.

मग कुणीही परदेशात जाऊन काहीही करून येईल?

ही शंका मला नेहमी विचारली जाते आणि ती रास्त आहे. उद्या एखादा कर्ज बुडवून विमानात बसला, नाव-लिंग बदलून आला तर?

पहिली गोष्ट, नोंद बदलली म्हणून जुना माणूस पुसला जात नाही. आपल्याकडे राजपत्रात नाव बदललं की जुनं आणि नवं नाव एकाच ओळीत छापलं जातं, दोन्हीचा दुवा कायम राहतो. बोटांचे ठसे तेच, पॅनचा क्रमांक तोच. कर्ज घेतलेल्या माणसाला बँक नव्या नावानेही गाठते. उलट मान्यता नाकारली तरच एका माणसाची दोन ओळखपत्रं, दोन नावांनी, दोन देशांत चालू राहतात. फसवायचं असेल तर ती सोय जास्त उपयोगाची.

दुसरी गोष्ट, पर्यटक म्हणून चार दिवस गेलं आणि प्रमाणपत्र घेऊन आलं, असं होत नाही. आयर्लंडमध्ये तुमची जन्मनोंद तिथली तरी हवी किंवा तुमचा नेहमीचा मुक्काम तिथे तरी असायला हवा.

तिसरी गोष्ट, देशांच्या हातात नकाराची चावी शिल्लक असते. तिला 'सार्वजनिक धोरण' म्हणतात: आमच्या राज्यव्यवस्थेच्या मुळावर येणारी परकी नोंद आम्ही मानणार नाही. ऑस्ट्रियाने १९१९ मध्ये सरदारकीच्या पदव्या रद्द केल्या. तिथल्या एका बाईंना जर्मनीत दत्तक गेल्यावर राजकन्येची उपाधी असलेलं आडनाव मिळालं. ऑस्ट्रियाने उपाधी काढून टाकली आणि २०१० मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयाने ऑस्ट्रियाची बाजू उचलून धरली. म्हणजे चावी चालते. मिरिन प्रकरणात ती चालली नाही, कारण एका माणसाचा दाखला दुरुस्त केल्याने रुमानियाच्या राज्यव्यवस्थेचं काय बिघडतं हे दाखवता येत नाही.

बायकांच्या जागांचं काय?

महिलांचे वॉर्ड, तुरुंग, खेळ. या काळज्या खऱ्या आहेत, त्या झटकून टाकणं मला पटत नाही. पण नोंदवही त्यांचं उत्तर देत नाही, आणि तिच्याकडून ते मागूही नये. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने मार्च २०२३ मध्ये नियम केला की पुरुष म्हणून वयात आलेल्या पारलिंगी महिलांना महिलांच्या जागतिक स्पर्धांत उतरता येणार नाही. त्यांच्या पासपोर्टवर काय लिहिलंय याला त्यात महत्त्व नाही. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने १६ एप्रिल २०२५ रोजी समानता कायद्यातला 'सेक्स' हा शब्द जैविक अर्थाने घ्यायचा असं ठरवलं. तिथला मान्यतेचा कायदा आणि ती प्रमाणपत्रं तशीच उभी आहेत. हा निकाल कुणाला पटला, कुणाला खोलवर लागला. पण 'ही कोण' आणि 'हिला अमुक ठिकाणी कुठला नियम' हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे त्यावरून दिसतं. दुसऱ्याचं उत्तर काहीही असो, पहिल्याचं उत्तर 'दोन माणसं' असं देता येत नाही.

दिलेलं परत घेतलं तर?

अमेरिकेने २०२१ मध्ये लिंगाच्या जागी 'एक्स' असलेला पहिला पासपोर्ट दिला, २०२२ पासून तो पर्याय सगळ्यांना खुला केला. २० जानेवारी २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ते थांबलं. पासपोर्टवर जन्मावेळचंच लिंग लिहायचं, असं धोरण आलं. खालच्या न्यायालयाने ते अडवलं होतं, पण ६ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने खटला चालू असताना धोरण राबवायची मुभा दिली. विमानवाहतुकीचे जागतिक मापदंड ठरवणारी संस्था पासपोर्टवर स्त्री, पुरुष आणि 'एक्स' तिन्ही खुणा चालतात असं आजही सांगते. यंत्राला अडचण नाही. अडचण सरकारांना आहे.

आपल्या लोकांनाही उलट्या बाजूने हाच काच बसतो. भारताचं 'ट्रान्सजेंडर' असं प्रमाणपत्र घेऊन कुणी दोनच रकाने असलेल्या देशात उतरलं तर फॉर्मवर खूण कुठे करायची? नेपाळचा माणूस असता तर त्याला निदान आपली गोष्ट ओळखीची वाटली असती. तिथल्या सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच तिसरी नोंद मान्य करायला सांगितलं होतं.

अक्कांच्या कागदाचं इथे काय होतं

परदेशी न्यायालयाचा निकाल भारतात कधी धरायचा, हे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ सांगतं. परदेशात घटस्फोट घेऊन आलेल्या नवऱ्यांमुळे हे कलम अनेक घरांना माहीत झालंय. १९९१ च्या नरसिंह राव खटल्यात सुप्रीम कोर्टाने बजावलं की लग्न ज्या कायद्याने लागलं त्याला न जुमानता, बायकोला नीट हजर राहायची संधी न देता आणलेला परदेशी घटस्फोट इथे चालणार नाही. पण कलम १३ न्यायालयाच्या निकालाबद्दल आहे. आयर्लंडचं प्रमाणपत्र मंत्र्यांच्या खात्याने दिलेलं असतं, त्यामागे कोर्टाचा निकाल नसतो. आणि २०१९ च्या आपल्या कायद्यात परदेशी प्रमाणपत्र थेट मानणारं कलम नाही. कागद खरा, पण त्याला ठेवायला खण नाही.

म्हणून रस्ता आपल्याच दारातून काढावा लागतो. भारतीय पासपोर्ट भारताच्याच नियमांनी बदलतो. मुलीने तिथल्या भारतीय दूतावासात लेखी विचारावं आणि उत्तरही लेखीच घ्यावं. आयरिश प्रमाणपत्राचं अपोस्टिल करून ठेवावं. ते निर्णायक ठरणार नाही, पण पुरावा म्हणून वजन धरतं. नाव राजपत्रात बदलावं. जुने दाखले फाडू नयेत, कारण दुवा त्यांच्यातच आहे. १२ महिन्यांच्या अटीवर अडलं तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे. हो, आणि मूळ दाखले लॅमिनेट करू नका. त्यावर शिक्का मारता येत नाही म्हणून परत पाठवतात. अक्कांचा चेहरा एवढासा झाला. महापालिकेतून नवी प्रत मिळते, हे सांगितल्यावर हायसं वाटलं त्यांना.

बँकेचं काम त्या मानाने सोपं निघालं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे स्वीकारून वारसांपर्यंत पोचवणारा माणूस. आणि हिंदू वारसा कायद्याने आईच्या मिळकतीत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच. 'मुलगा'च्या जागी 'मुलगी' लिहिल्याने एका रुपयाचाही हक्क इकडचा तिकडे होत नाही. राहिला ओळखीचा प्रश्न. त्यासाठी आईचं प्रतिज्ञापत्र: मला एकच अपत्य आहे, आधीचं नाव हे, आताचं नाव हे, दोन्ही नावांची व्यक्ती एकच.

मी ते टाइप करायला घेतलं. जुनं नाव दाखल्यावरून उतरवलं. नवं नाव आयरिश प्रमाणपत्रावर इंग्रजीत होतं. मराठीत शेवटचं अक्षर ऱ्हस्व की दीर्घ, मला कळेना. अक्कांनाही सांगता येईना. घरात त्या अजून तिला लहानपणच्या लाडक्या नावानेच हाक मारत होत्या. डब्लिनला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले असतील. त्यांनी फोन लावला, तेलुगूत विचारलं, आणि पलीकडून एक-एक अक्षर आलं तसं माझ्याकडे बघत मोठ्याने सांगत गेल्या. पूर्ण झाल्यावर म्हणाल्या, "एकदा वाचून दाखवा की ताई." मी वाचलं. मग त्यांनी फोन कानाशी धरला आणि ते नाव स्वतः उच्चारलं.